चौथा माणूस न घेता

तिघांच्या रॉक बँडमध्ये एक जागा हमखास उघडी पडते. गिटारवाला सोलो घ्यायला बारीक तारांवर, वरच्या पट्ट्यांत जातो आणि इतका वेळ त्याने धरून ठेवलेले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, एकदम थांबतात. खाली उरतात बेस आणि ड्रम्स. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार साधारण ८२ हर्ट्झला बोलते, बेसची ४१ला. सोलो चालतो त्याच्या कितीतरी वर. मधला सगळा मजला रिकामा. चार जणांच्या बँडमध्ये तिथे दुसरी गिटार किंवा कीबोर्ड असतो. आपल्या ख्यालाच्या मैफलीत गायक कितीही वर गेला तरी तानपुरा षड्ज सोडत नाही, म्हणून ती पोकळी जाणवत नाही. रॉकमधल्या तिघांना तानपुरा नसतो.

१९६६ ते १९६८ या काळात लंडनमध्ये क्रीम या तिघांच्या बँडने यावर उपाय काढला तो आवाजाच्या आकाराचा. जॅक ब्रूसचा बेस मोठा, खरखरीत, जवळजवळ दुसऱ्या गिटारसारखा. जिंजर बेकरचे ड्रम्स सतत वाहते. जिमी हेन्ड्रिक्सने आपल्या तिघांच्या बँडमध्ये गिटारवर, एकट्याच्या हातात ताल आणि सूर दोन्ही बसवले. अंगठा वरून वळवून जाड तार दाबायची आणि उरलेल्या बोटांनी वर खेळायचं. पण हे दोन्ही बँड दोन-तीन वर्षांत संपले. कॅनडाच्या टोरांटोतला रश हा बँड याच प्रश्नाशी चाळीसहून अधिक वर्षं झुंजला. १९६८ नंतरच्या शाळकरी दिवसांत त्यांच्यात काही काळ चौथा माणूस येऊन गेलाही, पण १९७४च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून शेवटपर्यंत ते तिघेच राहिले. रशबद्दल बोलताना लोक पीअर्टच्या ड्रम्सच्या वेगाबद्दल किंवा गेडी लीच्या उंच आवाजाबद्दल बोलतात. मला त्यांच्या सगळ्या ध्वनिमुद्रिकांमधून एकच धागा जाताना दिसतो: ती पोकळी कशाने भरायची, आणि कुठे मुद्दाम मोकळी ठेवायची.

गिटारवर अ‍ॅलेक्स लाइफसन, सर्बियन स्थलांतरित घरातला. बेस आणि गळा गेडी लीचा; नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या पोलंडच्या आईवडिलांचा मुलगा. खरं नाव गॅरी, पण आईच्या उच्चारात ते 'गेडी' व्हायचं आणि तेच टिकलं. ड्रम्सवर आधी जॉन रटसी होता. पहिली ध्वनिमुद्रिका रात्री उशिरा, भाडं कमी असलेल्या वेळांत, आठ ट्रॅकवर मुद्रित झाली, ती मनासारखी झाली नाही, मग टेरी ब्राउन या ध्वनितंत्रज्ञाने टोरांटो साउंडमध्ये ती सावरली. कंपन्यांनी दाद दिली नाही म्हणून त्यांनी ती स्वतःच काढली. क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस या रेडिओ केंद्रावर डॉना हॅल्परने त्यातलं 'वर्किंग मॅन' हे सात मिनिटांचं गाणं वाजवलं आणि कारखान्यांच्या त्या शहराने ते उचलून धरलं. मर्क्युरी कंपनीने करार केला. तब्येतीमुळे आणि आवडीनिवडी जुळेनात म्हणून रटसी बाहेर पडला. २९ जुलै १९७४ला नील पीअर्ट आला आणि १४ ऑगस्टला, म्हणजे सोळाव्या दिवशी, पिट्सबर्गमध्ये अकरा हजारांहून अधिक लोकांसमोर पहिला कार्यक्रम झाला. तोवर पीअर्ट वडिलांच्या शेतीयंत्रांच्या दुकानात सुटे भाग विकत होता.

पुढच्या दीड वर्षात दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यातली दुसरी, १९७५ची 'कॅरेस ऑफ स्टील', पडली. कंपनीला छोटी, रेडिओला चालतील अशी गाणी हवी होती. या तिघांनी १९७६ साली '२११२' काढली आणि तिची पहिली अख्खी बाजू एकाच रचनेला दिली: २० मिनिटं ३३ सेकंद. ती चालली, आणि त्यानंतर काय वाजवायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. या स्वातंत्र्याची खरी किंमत पुढे कळते, कारण त्यानंतरचे सगळे प्रयोग, चुकलेले धरून, त्यांचे स्वतःचे आहेत.

ती पोकळी प्रत्यक्ष ऐकायची असेल तर १९७६ची 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज' काढा. त्या वर्षीच्या जूनमध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये मुद्रित झालेली ही थेट मैफल आहे. 'वर्किंग मॅन'मधला सोलो सुरू झाला की कान गिटारवरून मुद्दाम काढा आणि खाली लावा. तिथे फक्त बेस धावतोय. गेडी लीचा रिकनबॅकर बेस तारेच्या धातूचा कडक टणत्कार देणारा आहे, त्यामुळे तो वरच्या बाजूला थोडी जागा भरतो. या बेसला दोन जॅक असतात. दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे चुंबक, वेगळे काढून वेगवेगळ्या अँपना देता येतात. एका अँपवर खोल, गोल आवाज ठेवायचा आणि दुसऱ्यावर वरचा खरखरीत. मग एकच वाद्य दोन मजल्यांवर उभं राहतं. ही युक्ती चांगली आहे, पण पुरेशी नाही: बेसचा स्वर मुळात एका वेळी एकच आहे आणि तो सतत हलतो. जमिनीने हलून चालत नाही.

उपाय पायात सापडला. मूगचं टॉरस हे यंत्र १९७०च्या दशकाच्या मध्यात आलं. जमिनीवर ठेवायची पेटी, तिला सी ते सी अशा एका सप्तकाच्या तेरा पट्ट्या, आणि आत दोन ऑसिलेटरचा, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या दोन मंडलांचा, सिंथेसायझर. एका वेळी एकच स्वर वाजतो. पाय उचलल्यावर स्वर लगेच तुटावा की हळूहळू विरावा हे एका बटणावर ठरतं, आणि सगळं गणित त्या बटणावर आहे. विरण्याची सोय बंद असेल तर पाय एका पट्टीवरून दुसरीवर जाईपर्यंत मध्ये भोक पडतं. ती चालू ठेवली तर स्वर तरंगत राहतो, पाय निवांत सरकतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वरच्या मजल्यावर काहीही चालू द्या, खाली खर्ज धरलेला. हा त्यांचा तानपुरा. फरक एवढाच की तो कॉर्डबरोबर जागा बदलू शकतो.

अडचणीही त्याच यंत्राच्या. आतले ऑसिलेटर अ‍ॅनालॉग, त्यामुळे मंचावरचे दिवे तापले की सूर सरकतो. गिटार सुरात मिळवलेली असते आणि खालचा खर्ज मात्र किंचित वर किंवा खाली गेलेला असतो. इतक्या खालच्या स्वरात ते चटकन कळत नाही, नुसतं 'काहीतरी बेसूर आहे' असं वाटत राहतं. उपाय एकच: यंत्र आधी बराच वेळ चालू ठेवून तापू द्यायचं, मग मिळवायचं. बूट रुंद असेल तर शेजारची पट्टी दबते. आणि गाणाऱ्या माणसाला खाली बघता येत नाही, कारण तोंड मायक्रोफोनपासून हललं की आवाज जातो. पायाला त्या तेरा जागा न बघता कळाव्या लागतात, पेटीवाल्याच्या बोटांना कळतात तशा.

१९७७ची 'अ फेअरवेल टू किंग्ज' वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत मुद्रित झाली, तिथे हे सगळं पहिल्यांदा एकत्र ऐकू येतं. 'झनाडू' हे सुमारे अकरा मिनिटांचं गाणं मंचावर वाजवताना लाइफसनच्या गळ्यात बारा आणि सहा तारांची दोन दांड्यांची गिटार, गेडी लीच्या गळ्यात बेस आणि गिटार एकत्र असलेलं तसंच वाद्य, पुढ्यात सिंथेसायझर आणि पायांशी पट्ट्या. पट्ट्या लाइफसनच्याही पायांशी. पीअर्टभोवती घंटा, टेंपल ब्लॉक्स, विंड चाइम्स. या सगळ्याकडे दिखावा म्हणून पाहणारे लोक त्यातली हिशेबी वाटणी सोडून देतात. गेडी लीने गिटारची दांडी पकडली की बेस पायात उतरतो. कीबोर्डला हात लागला तरी बेस पायातच. कुणी काय सोडायचं हे आधी ठरतं, कुणी काय उचलायचं ते त्यानंतर.

लाइफसनचा वाटा मला सर्वांत कमी बोलला गेलेला वाटतो. तिघांत गिटार एकटी पडते, म्हणून त्याने कॉर्डच रुंद केले. घरी गिटार असेल तर करून बघा. दुसऱ्या फ्रेटवर एफ शार्पचा बार कॉर्ड धरा. आता तर्जनी आडवी न ठेवता तिचं टोक फक्त सहाव्या, सर्वांत जाड तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा. अनामिका पाचव्या तारेवर चौथ्या फ्रेटला, करंगळी चौथ्या तारेवर चौथ्याच फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. बारीकडच्या दोन तारा मोकळ्या. खाली एफ शार्प मेजर, वर बी आणि ई हे दोन मोकळे स्वर झुलत राहतात. १९७८च्या 'हेमिस्फिअर्स'ची सुरुवात याच कॉर्डने होते, आणि गिटारवाले त्याला त्या ध्वनिमुद्रिकेच्याच नावाने ओळखतात. चूक नेहमी तर्जनीत होते. ती सवयीने आडवी पडते आणि पहिली-दुसरी तार मुकी होते. मनगट थोडं पुढे काढून बोट कमानीत ठेवलं की सुटते. दुसरी चूक डिस्टॉर्शन फार ठेवण्याची. इतके स्वर एकत्र विकृत झाले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवेच स्वर तयार होतात आणि कॉर्डचा चिखल होतो. म्हणून डिस्टॉर्शन कमी, आणि वर कोरस. कोरस म्हणजे मूळ आवाजाची किंचित उशिरा येणारी, सुरात जराशी डुलणारी प्रत त्याच्यात मिसळणं. कानाला दोन गिटारींचा भास होतो. दुसरा गिटारवाला न घेता दुसरी गिटार मिळते.

'हेमिस्फिअर्स'ने त्यांना दमवलं. रॉकफील्डमध्ये सगळं वाद्यसंगीत आधी रचून मुद्रित झालं, गळा नंतर लंडनला अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत. गाण्यांची पट्टी गेडी लीच्या आवाजासाठी कितपत सोयीची आहे हे कुणी आधी तपासलंच नव्हतं. ती फारच उंच निघाली. आता खाली आणायची तर सगळं पुन्हा वाजवावं लागणार होतं, म्हणून तो तशाच पट्टीत गायला, आणि ती ओढाताण मुद्रणात स्पष्ट ऐकू येते. पट्टी आधी गळ्यावर ठरवायची हे आपल्याकडे नवशिक्या साथीदारालाही माहीत असतं. 'ला व्हिला स्ट्रांजिआतो' ही साडेनऊ मिनिटांची शब्दांविना रचना त्यांना एका दमात, न थांबता मुद्रित करायची होती. जमेना. शेवटी टेपचे तुकडे जोडावे लागले. या एका रचनेला लागलेला वेळ त्यांच्या 'फ्लाय बाय नाइट' या अख्ख्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा जास्त होता. तरी तिच्या मध्यावरचा गिटार सोलो ऐकताना हे आठवतही नाही. सुरुवातीला तो जवळजवळ कुजबुजतो, आणि खालचा बेस सातच्या आवर्तनात एकच आकृती धरून बसलेला असतो. पोकळी भरण्याऐवजी तिला वाट दिली की काय होतं ते इथे कळतं.

यानंतर त्यांनी लांबी कमी केली, गुंतागुंत मात्र सोडली नाही. क्वेबेकमधल्या मोरिन-हाइट्सला तळ्याकाठी ल स्टुडिओ नावाची जागा होती. १९८०च्या जानेवारीत आलेली 'पर्मनंट वेव्ह्ज' आणि १२ फेब्रुवारी १९८१ची 'मूव्हिंग पिक्चर्स' तिथल्या. दुसरी माझ्या मते तिघांच्या बँडने केलेली सर्वांत तोलाची ध्वनिमुद्रिका आहे. पीअर्टच्या छातीवर एक सपाट मायक्रोफोन चिकटवून त्याच्या कानांना ऐकू येतात तसे ड्रम्स पकडले, इतका विचार आवाजाच्या जागेचा होता. 'टॉम सॉयर'च्या पहिल्याच स्वराखाली सिंथेसायझरचा जो गुरगुराट आहे तो मेलडी नव्हे, जमीन आहे. मध्ये आवर्तन सातावर जातं. बहुतेक वादक ते दोन-दोन-तीन असं मोजतात. रूपकाची सवय असलेल्या कानाला तीन-दोन-दोन हवं असतं, त्यामुळे वजन उलटं पडल्यासारखं वाटतं आणि थोडा वेळ सम हातातून निसटते.

त्याच ध्वनिमुद्रिकेतल्या 'वायवायझेड' या रचनेवर जरा रेंगाळायला हवं. हा टोरांटोच्या विमानतळाचा संकेत. वैमानिकांना जागा ओळखता यावी म्हणून तिथून ही तीन अक्षरं मोर्स संकेतलिपीत प्रसारित होत असतात, आणि रचनेची सुरुवातीची लय म्हणजे तेच मोर्स. मोर्समध्ये वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. लांबला दोन आणि आखूडला एक मोजा. वाय सात, पुन्हा वाय सात, झेड सहा. एकूण वीस, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मात्रेने मोजलं तर दहा मात्रा. हाताने झपताल धरून हे म्हणून पाहावं. पहिला वाय समेवर येतो. दुसरा साडेतीन मात्रा झाल्यावर, म्हणजे चौथ्या मात्रेच्या मधोमध सुरू होतो, आणि इथेच बहुतेकांचा हात चुकतो, कारण तो टाळी त्या अक्षराबरोबर ओढायला जातो. ओढू नये. हात झपतालात तसाच चालू ठेवला की झेड बरोबर आठव्या मात्रेवर, शेवटच्या टाळीवर येऊन पडतो आणि तिथून तीन मात्रांत सम. अर्थात त्या तिघांच्या मनात झपताल नव्हता. पण आपल्या हाताला त्यांची लय पकडायला याहून सोपी पायरी नाही. हे लक्षात आलं की लाइफसन आणि गेडी ली सी आणि एफ शार्प या एकमेकांपासून सर्वांत दूर पडणाऱ्या दोन स्वरांवर तेच मोर्स का वाजवतात हेही कानाला पटतं: लांब आणि आखूड यांतलं अंतर तिथे स्वरांतही उतरलेलं असतं.

१९८१च्याच 'एक्झिट... स्टेज लेफ्ट' या थेट मैफलीत खाली कान लावा आणि १९७६ आठवा. माणसं तीनच, मजला भरलेला.

मग तो जास्तच भरला. १९८२च्या 'सिग्नल्स'मध्ये कीबोर्ड इतका पुढे आला की गिटार मागे गेली. लाइफसन नाराज होता आणि ते लपून राहिलं नाही. टेरी ब्राउनबरोबरचं कामही तिथे संपलं. कारण आवाजाच्या हिशेबात आहे: सिंथेसायझरचे लांब कॉर्ड आणि गिटारचे रुंद कॉर्ड यांची जागा एकच. दोघेही मध्यात बसतात. मिक्सिंगमध्ये एकाला आत ढकलल्याशिवाय दुसरा दिसत नाही. १९८५ची 'पॉवर विंडोज' मला आवडते, तिच्यातली गिटार लहान, टोकदार तुकड्यांत वाजते आणि म्हणून निभावते. पण पोकळी भरता भरता घरात हिंडायला जागा उरू नये, तसं त्या वर्षांत झालं.

मंचावर मात्र त्यांनी एक नियम पाळला आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. स्टुडिओत कितीही थर चढवले तरी कार्यक्रमात ते टेप लावून वाजवायचे नाहीत. सॅम्पलर या आवाज साठवणाऱ्या यंत्रात ठेवलेला प्रत्येक तुकडा तिघांपैकी कुणीतरी त्याच क्षणी हाताने किंवा पायाने सुरू करायचा. एमी मॅनने १९८७च्या 'टाइम स्टँड स्टिल'मध्ये गायलेल्या ओळीही अशाच यायच्या. गेडी ली बेस वाजवतो, गातो आणि ठरलेल्या अक्षरावर पाय टाकतो. पाऊल अर्धी मात्रा उशिरा पडलं तर सगळा थर उशिरा येतो आणि तो मागे घेता येत नाही. मंचामागच्या तंत्रज्ञाने पुढच्या गाण्याचे आवाज वेळेत चढवले नाहीत तर योग्य पट्टीवर चुकीचा आवाज निघतो. चौथा माणूस घेतला असता तर हे सगळं टळलं असतं. तो न घेणं हीच त्यांची शिस्त होती. २०१२च्या 'क्लॉकवर्क एंजल्स'च्या दौऱ्यात तंतुवाद्यांचा छोटा ताफा त्यांनी उघडपणे, प्रकाशात बसवला. तोवर या नियमाला चार दशकं होत आली होती.

१९९७च्या ऑगस्टमध्ये पीअर्टची तेव्हाची एकुलती मुलगी अपघातात गेली, दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगाने. तो मोटारसायकलवर निघून गेला आणि बँड थांबला. २००२ला ते 'व्हेपर ट्रेल्स' घेऊन परतले. त्यात एकही कीबोर्ड नाही. गिटारचेच थरावर थर. दुर्दैवाने तिचा आवाज बिघडला. डिजिटल मुद्रणात पातळीला एक छत असतं. आवाज मोठा करण्याच्या नादात लहरींची टोकं त्या छताला धडकून सपाट झाली की कर्कश, मूळ वाद्यात नसलेले स्वर तयार होतात आणि लहान-मोठ्यातला फरक पुसला जातो. ही गडबड फक्त मास्टरिंग या शेवटच्या टप्प्यात असती तर नव्याने मास्टर करून भागलं असतं. ती मिक्समध्येच, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र मिसळतानाच, शिरली होती. म्हणून मूळ ट्रॅक काढून सगळं पुन्हा मिसळावं लागलं. ते डेव्हिड बॉट्रिलने केलं आणि २०१३ला निघालं. आज ऐकायची तर तीच आवृत्ती ऐकावी. गाणी फार चांगली आहेत, आणि पीअर्ट पुन्हा वाजवतोय एवढ्यासाठीही ती ऐकावीत.

'व्हेपर ट्रेल्स'च्या दौऱ्यापर्यंत मंचावरून गेडी लीचे स्पीकर नाहीसे झाले होते. बेस सरळ मिक्सरमध्ये, ऐकायला कानात इअरफोन. मग मागे स्पीकर हवेत कशाला? लाइफसनच्या बाजूला मात्र अँप उभे होते, म्हणून तोल साधायला इकडे कपडे वाळवायची यंत्रं मांडली, पुढे कोंबड्या भाजायच्या भट्ट्या. लोक हसायचे. पण त्या रिकाम्या जागेचं तांत्रिक कारण कळलं की गंमत अधिकच खुलते.

नील पीअर्ट ७ जानेवारी २०२०ला मेंदूच्या कर्करोगाने गेला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये उरलेल्या दोघांनी जर्मन ड्रमर अनिका निलेस हिला घेऊन पुन्हा दौरा जाहीर केला. तिघांचा शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०१५चा, लॉस एंजेलिसजवळच्या फोरममध्ये. पीअर्टचा खांदा दुखत होता, लाइफसनच्या सांध्यांना संधिवात होता. त्या दौऱ्यात गाणी उलट्या क्रमाने होती, ताज्यापासून जुन्याकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर कामगारांच्या वेशातली माणसं येऊन मंचावरचं सामान उचलून न्यायची. वाफेची यंत्रं गेली, वाळवायची यंत्रं गेली, अँपच्या भिंती गेल्या. दुसऱ्या अर्ध्यात पीअर्टचे ड्रम्सही सत्तरच्या दशकातल्या मांडणीचे झाले. शेवटी शाळेच्या व्यायामशाळेचा देखावा आणि खुर्च्यांवर ठेवलेले एकेक छोटे अँप. 'वर्किंग मॅन' वाजलं. कार्यक्रम संपल्यावर ड्रम्सच्या पुढे यायचं नाही हा पीअर्टचा कायमचा नेम होता. त्या रात्री तो उठला, पुढे आला आणि दोघांच्या खांद्यांवर त्याने हात टाकले.